राजाच्या चित्रातला कुत्रा कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात एका दिवसात राजाराण्यांची ढीगभर चित्रं पाहिली, त्यातल्या कितीतरी चित्रांत कुत्रा होता, आणि गाईडने दर वेळी "कुत्रा म्हणजे निष्ठेचं प्रतीक" एवढंच सांगून पुढे नेलं. तुमच्या दहा वर्षांच्या लेकीने मात्र विचारलं, "पण हा कुत्रा कोणाचा होता?" आता पुढच्या महिन्यात व्हिएन्नाला जाताय, तर तिला काय सांगावं?

लेकीचं अगदी बरोबर आहे. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शेकडो मुलं बसवली, आणि "प्रतीक" हा शब्द वर्गात शक्यतो उच्चारला नाही. एकदा प्रतीक म्हटलं की मुलं चित्राकडे बघायचीच थांबतात, उत्तर मिळालंय असं त्यांना वाटतं. निष्ठेचा अर्थ खोटा नाही. युरोपात थडग्यांवर झोपलेल्या सरदारांच्या आणि त्यांच्या बायकांच्या पायांशी दगडी कुत्री असतात, तिथे तो लागू पडतो. पण राजाच्या मोठ्या तैलचित्रातला कुत्रा बहुतेक वेळा खराखुरा, त्या वाड्यात वावरणारा प्राणी असतो. त्याला पट्टा असतो, सवयी असतात, पुष्कळदा नावही असतं.

प्रादोतलं टिशियन या इटालियन चित्रकाराचं पाचव्या चार्ल्सचं चित्र तुम्ही पाहिलं असणार. 1533 सालचं, सम्राट उभा आहे आणि शेजारी दांडगा शिकारी कुत्रा. टिशियनने ते आधीच्या वर्षी याकोब सायझेनेगरने काढलेल्या चित्रावरून केलं, आणि ते मूळ चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. म्हणजे तुम्हाला जोडी पुरी करायची संधी आहे. दोन्हीकडे उभं राहण्याची ढब तीच. सायझेनेगरने सगळं चोख मोजूनमापून भरलंय. टिशियनने तपशील कमी केले, सम्राटाला जरा उंच आणि मोकळा केला, आणि कुत्रा धन्याला बिलगला. आता सम्राटाचा हात बघायला सांगा लेकीला. बोटं पट्ट्यात आहेत, पण आवळलेली नाहीत. एवढ्या ताकदीचं जनावर आणि इतकी सैल पकड. जो माणूस अर्ध्या युरोपवर राज्य करत होता त्याला लोकांना नेमकं हेच दाखवायचं होतं, असं माझं मत आहे. कुत्र्याची निष्ठा इथे दुय्यम, खरी गोष्ट त्या हाताची.

या चित्राचा पुढचा प्रवास मला फार आवडतो. 1623 मध्ये इंग्लंडचा युवराज चार्ल्स लग्नाची बोलणी करायला माद्रिदला गेला. लग्न मोडलं, पण स्पेनच्या चौथ्या फिलिपने हे चित्र त्याला भेट दिलं. तो पुढे राजा झाला, आणि 1637 मध्ये वॅन डाइकने त्याच्या पाच मुलांचं चित्र काढलं. मधोमध सात वर्षांचा थोरला मुलगा उभा आहे आणि त्याचा हात आहे एका अवाढव्य मॅस्टिफच्या डोक्यावर. कुत्रा बसलेला असूनही पोराच्या छातीपर्यंत येतो. टिशियनचं चित्र त्या घरात असताना हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. हा उद्याचा राजा, सांभाळेल, असा निरोप आहे त्यात. पण त्याच चित्राच्या उजव्या टोकाला, तान्ह्या बहिणीजवळ, एक छोटा स्पॅनिअल आहे. त्याच्यावर कोणताही निरोप लादलेला नाही. तो मुलांचा खेळगडी.

आणि त्या मुलाचं पुढे काय झालं? बापाचा 1649 मध्ये शिरच्छेद झाला, टिशियनचं चित्र विकलं जाऊन पुन्हा स्पेनला गेलं, मुलगा परदेशात वणवण फिरला आणि 1660 मध्ये दुसरा चार्ल्स म्हणून परतला. त्याच वर्षी लंडनच्या वर्तमानपत्रात कुत्रा हरवल्याची जाहिरात आली: काळा, ग्रेहाउंड आणि स्पॅनिअल यांच्या मधला, छातीवर तेवढी पांढरी रेघ, शेपूट थोडी तुटकी. कुत्रा खुद्द महाराजांचा आहे, तो चोरीलाच गेला असणार, महाराजांना लुटणं लोक कधी थांबवणार, असा त्यात जीव तोडून केलेला सवाल होता. ज्याने राज्य, बाप, घर सगळं गमावलं होतं तो माणूस छातीवरच्या पांढऱ्या रेघेचं वर्णन छापतोय. मॅस्टिफच्या डोक्यावरचा तो छोटा हात मला तेव्हापासून वेगळाच दिसायला लागला. किंग चार्ल्स स्पॅनिअल ही जात आजही याच राजाचं नाव सांगते.

प्रादोतल्या वेलाझ्केझच्या 'लास मेनिनास' या चित्राबद्दल इथे बरंच लिहिलं गेलंय, म्हणून मी फक्त कोपऱ्याबद्दल बोलते. 1656 चं चित्र, सव्वातीन मीटरला थोडं कमी उंच. एवढ्या मोठ्या चित्रात आपल्याला सर्वांत जवळ कोण आहे? राजकन्या नाही, चित्रात स्वतःलाच काढलेला वेलाझ्केझ नाही. उजवीकडे खाली पसरलेला तो मोठा कुत्रा. राजा-राणी आरशात दिसतायत, म्हणजे ते आपण उभे आहोत तिथेच कुठेतरी आहेत, आणि चित्रातली बरीच माणसं त्यांच्याकडे बघतायत. निकोलासितो पेर्तुसातो नावाचा दरबारातला बुटका सेवक कुत्र्याच्या पाठीवर पाय ठेवून त्याला उठवू पाहतोय. कुत्र्याच्या पापण्या जड झाल्यात, तो ढिम्म हलत नाही. ज्याने कुत्रा समोर ठेवून कधी स्केच केलंय त्याला हे पटकन कळेल. जागा कुत्रा दोन मिनिटं एका जागी राहत नाही. आमच्याकडे कारवानी जातीची एक कुत्री होती, तेरा वर्षं. तिची माझी सगळी चांगली रेखाटनं दुपारी दोन ते चार या वेळेतली आहेत, जेवून ती दारात आडवी पडायची तेव्हाची. वेलाझ्केझच्या कुत्र्याचं पोट ज्या पद्धतीने जमिनीवर सांडलंय, ती झोप पाहिल्याशिवाय येत नाही.

आमच्या कारवानीमुळेच मला लँडसीअर या इंग्रज चित्रकाराचं 'इऑस' जवळचं वाटतं. इऑस ही व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याची, प्रिन्स अल्बर्टची ग्रेहाउंड कुत्री. 1840 मध्ये लग्नासाठी तो जर्मनीहून इंग्लंडला आला तेव्हा तिकडून आणलेली ती. परक्या देशात, परक्या भाषेत, बायकोच्या दरबारात आलेल्या त्या वीस वर्षांच्या मुलाला आपलं म्हणावं असं फार काही नव्हतं. व्हिक्टोरियाला हे कळलं असणार, कारण 1841 च्या नाताळला तिने त्याला भेट म्हणून इऑसचंच चित्र काढून घेतलं. चित्रात अल्बर्ट नाही. त्याची उंच टोपी आहे, हातमोजे आहेत, हस्तिदंती मुठीची छडी आहे, आणि काळीभोर इऑस त्यांच्याशी उभी आहे, धनी आत्ता येईल म्हणून. लातूर-सोलापूरकडे कारवानी कुत्री ज्यांनी पाहिलीत त्यांना ती खोल छाती, आत गेलेलं पोट आणि पाठीची कमान ओळखीची वाटेल. काळ्या कातडीवरची चकाकी लँडसीअरने अशी पकडलीय की बोट फिरवलं तर खालची बरगडी लागेल असं वाटतं. 1844 मध्ये इऑस गेली, तेव्हा विंडसरला तिचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला.

राणीचा स्वतःचा स्पॅनिअल डॅश, त्यालाही लँडसीअरने काढलंय. राज्याभिषेकाच्या दिवशी घरी आल्यावर तिने आधी डॅशला अंघोळ घातली ही हकिकत प्रसिद्ध आहे, म्हणून ती लांबवत नाही.

आता नावांबद्दल, कारण लेकीच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी देपोर्त या चित्रकाराने 1702 मध्ये शिकारी कुत्र्यांची चित्रं केली, बॉन, नॉन आणि पॉन या तिघींचं त्यातलंच. नावं चित्रावरच सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत. पंधराव्या लुईसाठी उद्रीने तेच केलं. पण नावांच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यांच्या पुढे होता चीनचा सम्राट चियेनलुंग. त्याच्या दरबारात कास्तिल्योने नावाचा मिलानचा, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातला चित्रकार होता, चिनी नाव लांग शिनिंग. त्याने सम्राटाच्या दहा आवडत्या कुत्र्यांची दहा भलीमोठी चित्रं केली. बहुतेक कुत्री लांब पायांची, सडपातळ, आणि एक झुबकेदार तिबेटी मॅस्टिफ. प्रत्येकाचं नाव चिनी, मांचू आणि मंगोल अशा तीन लिपींत लिहिलंय, आणि तो कुत्रा कोणी नजर केला तेही. नावं अशी की कवितेत घालावीत: हिमाच्या पंजांचा, लुकलुकत्या ताऱ्याचा लांडगा. ही चित्रं आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत.

हाच कास्तिल्योने बीजिंगबाहेरच्या युआनमिंगयुआन या ग्रीष्मकालीन राजवाड्यातल्या युरोपीय धाटणीच्या महालांच्या रचनेतही होता. शंभर-सव्वाशे वर्षांनी, 1860 च्या ऑक्टोबरात, इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी तो राजवाडा लुटला आणि मग इंग्रजांनी जाळला. त्या लुटीत एका इंग्रज कॅप्टनला एक चिमुकली पेकिनीज कुत्री मिळाली. त्याने ती पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणीला दिली. तिचं नाव ठेवलं गेलं 'लूटी'. हो, आपल्याच 'लूट'वरून. हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला होता, आणि बीजिंगमधल्या एका कुत्रीला तो येऊन चिकटला. कायल नावाच्या चित्रकाराने 1861 मध्ये तिचं चित्र काढलं. ती किती लहान आहे ते कळावं म्हणून शेजारी काहीतरी वस्तू ठेवा, अशी त्याला सूचना होती. लहानसं, गोड चित्र आहे. मला ते पाहवत नाही. त्याच राजघराण्याच्या एका सम्राटाच्या कुत्र्यांची नावं तीन लिपींत मानाने लिहिली गेली, आणि त्याच घराण्याच्या वाड्यातून नेलेल्या हिचं नाव चोरीचं नाव. ती 1872 पर्यंत जगली, सगळं आयुष्य त्याच हाकेला ओ देत. व्हिक्टोरियाचं कुत्र्यांवर खरं प्रेम होतं, इऑस पाहून कोणीही ते मान्य करेल, आणि तरीही त्या वाड्यात हे नाव कोणाला खटकलं नाही. कुत्र्याचं चित्र पाहताना नाव विचारायचं ते यासाठी. नाव कुत्र्याबद्दल कमी आणि ठेवणाऱ्याबद्दल जास्त सांगतं.

"आपल्याकडे असं काही आहे का?" असंही तुम्ही शेवटी विचारलंत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी कथा सांगतात. महाराजांची स्वतःची समाधीही तिथेच आहे. रायगडावरच्या वाघ्याचं शिल्प विसाव्या शतकातलं, आणि त्यामागच्या कथेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून तो विषय इथे नको. आणि मुधोळच्या घोरपड्यांनी जपलेली मुधोळ हाउंड जात 2005 मध्ये टपाल तिकिटावर आली. लेकीला तिकिटांचा नाद असेल तर ते शोधून द्या.

आता व्हिएन्ना. त्याच म्युझियममध्ये, सायझेनेगरचा सम्राट पाहून झाला की वेलाझ्केझचा राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरो शोधा. 1659 सालचं. दोन वर्षांचं पोर, स्पेनच्या गादीचा वारस, सतत आजारी. गुलाबी-लाल झगा, त्यावर पांढरं झिरझिरीत एप्रन, आणि त्यावर लोंबणारे ताईत आणि एक घंटी. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या कमरेला काय काय बांधतात ते आठवा, तसंच. त्याचा एक हात छोट्या लाल खुर्चीच्या पाठीवर टेकलाय, इतका हलका की त्यात जोरच नाही. आणि खुर्चीत एक इवलीशी पांढरी कुत्री, हातावर हनुवटी टाकून थेट आपल्याकडे बघतेय. खुर्चीच्या हातावर म्हणतेय मी.

जवळ जा. ती कुत्री म्हणजे पांढऱ्या रंगाचे मोजके सैल फटकारे आहेत, कान तर ब्रश एकदाच ओढल्यासारखा. दोन पावलं मागे या, की नाक ओलं दिसतं. सगळ्या काळोख्या खोलीत ऊब आहे ती तेवढ्याच जागी. पालोमिनो हा वेलाझ्केझचा चरित्रकार सांगतो की ही कुत्री खुद्द चित्रकाराची लाडकी होती. म्हणजे लेकीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं: राजाची नाही, चित्रकाराची. आजारी पोराशेजारी त्याने आपल्या घरातलं जिवंत काहीतरी आणून ठेवलं, असं मी तरी ते चित्र वाचते. पुढच्याच वर्षी वेलाझ्केझ गेला. मुलगा 1661 च्या नोव्हेंबरात, चार वर्षांचा व्हायच्या आत.

लेकीला एक छोटी वही आणि मऊ पेन्सिल घेऊन जाऊ दे, आणि तिथे पोचल्यावर पेन्सिल चालते ना ते आधी दाराशी विचारा. पूर्ण चित्र काढायला लावू नका. फक्त तो एक कान आणि खुर्चीच्या हातावरची हनुवटी. काढून झालं की इथे टाका, मला पाहायचंय.