कसारा घाटात रेल्वेचे बोगदे तुकड्या-तुकड्यांचे, समृद्धी महामार्गाचा मात्र सलग 8 किमी. असं का?

कारण जुनी रेल्वे डोंगराच्या अंगाला बिलगून चढते आणि जिथे सोंड आडवी येते तेवढीच पोखरते. समृद्धीने डोंगरच आरपार भेदलाय. नागपूरहून मुंबईकडे रेल्वेने दिवसाउजेडी जाताना इगतपुरी सुटली की खिडकीतून हे नीट दिसतं: बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. हा घाट 1865 मध्ये सुरू झाला आणि नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं 1867 मध्ये. म्हणजे बेसॉल्टसारखा कठीण खडक पहार-हातोड्याने भोकं पाडून, त्यात बंदुकीची साधी दारू ठासून फोडायचा. त्यात इंजिन वाफेचं, लांब बोगद्यात धूर कोंडून जीव गुदमरणार. त्यापेक्षा 1:37 चा चढ (37 मीटर जाताना 1 मीटर वर) आणि मागून ढकलणारी जादा इंजिनं परवडली. (ही ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, आजही लागतात.) समृद्धीच्या इगतपुरीजवळच्या जुळ्या बोगद्यांना यांत्रिक ड्रिल, नियंत्रित स्फोट, शॉटक्रीट (फवारून बसवायचं काँक्रीट), रॉक बोल्ट (खडक धरून ठेवणारे पोलादी दांडे) आणि हवा खेळती ठेवणारे पंखे असं सगळं हाताशी होतं. 2025 च्या जूनपासून तो टप्पा खुला आहे.

फक्त एक, रेल्वेचे सगळेच जुने बोगदे छोटे नाहीत. ठाण्यापुढचा पारसिक 1916 चा आहे, तरी सुमारे 1.3 किमी लांब.