जिथे दीर्घिका नाहीत, त्या महापोकळीची हद्द कशी आखतात?

भूतप तारकासमूहातील महापोकळीचा, म्हणजे दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) जवळजवळ नसलेल्या प्रदेशाचा, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा काळ्या डागाचा फोटो आपण पाहिलात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत : ही पोकळी मुंबईतून दिसते का, आणि जिथे काही नाही त्याचा नकाशा काढतात कसा?

तो फोटो महापोकळीचा नाहीच. तो बर्नार्ड ६८ या आपल्याच आकाशगंगेतील, जेमतेम अर्धा प्रकाशवर्ष रुंद असलेल्या थंड धूलिमेघाचा आहे. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश तो अडवतो, म्हणून काळा दिसतो. महापोकळी काहीच अडवत नाही. तिच्या अलीकडचे तारे आणि पलीकडच्या दीर्घिका दोन्ही दिसत राहतात, त्यामुळे तिचा फोटो काढणे शक्यच नाही. दिशा मात्र मुंबईतूनही सापडते. जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागण्यापूर्वी, रात्री दहाच्या सुमारास स्वाती तारा आपल्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि दादर-परळच्या दिव्यांनाही तो दाद देत नाही. त्याच्या उत्तरेला सुमारे सत्तावीस अंशांवर, किंचित पूर्वेकडे, सत्तर कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर ती पोकळी आहे.

ती सापडली अंतरांच्या तक्त्यात. दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या आहेत, म्हणजे तिची ताम्रसृती किती, हे मोजले की ती आपल्यापासून किती वेगाने दूर जाते हे कळते. विश्व प्रसरण पावत असल्याने जितकी लांबची दीर्घिका तितका तिचा वेग जास्त, म्हणून त्यावरून ती अंदाजे किती लांब आहे, हेही कळते. १९८१ मध्ये रॉबर्ट कर्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशाच्या तीन छोट्या, एकमेकांपासून दूर असलेल्या तुकड्यांतील दीर्घिका अशा मोजल्या, तेव्हा सेकंदाला सुमारे १२,००० ते १८,००० किलोमीटर या वेगांच्या दरम्यान जवळजवळ काहीच आढळले नाही. तीन झरोक्यांतून दिसलेली उणीव मधल्या सगळ्या प्रदेशाला लागू आहे, हे तेव्हा अनुमान होते. पुढच्या सविस्तर मोजणीने ते टिकले. त्या प्रदेशाचा व्यास तीस कोटी प्रकाशवर्षांहून अधिक निघाला. मात्र तो पूर्ण रिकामा नाही : १९९० च्या दशकाअखेरपर्यंत त्यात सुमारे साठ दीर्घिका सापडल्या होत्या.

पुढे हे काम घाऊक प्रमाणावर झाले. स्लोन या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणात अमेरिकेतील न्यू मेक्सिकोतल्या दुर्बिणीसाठी ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर प्रत्येक दीर्घिकेच्या नेमक्या जागी भोक पाडत आणि सुरुवातीच्या काळात दर तबकडीत एकेका दीर्घिकेचा प्रकाश वर्णपट मोजायला नेणारे ६४० प्रकाशतंतू माणसे हाताने बसवत. आता ॲरिझोनातील डेसी हे उपकरण ५,००० तंतू यंत्राने हलवते.

नकाशावर दीर्घिकांचे ठिपके जमले, तरी हद्द कुठे धरायची, हा प्रश्न उरतोच. सर्वाधिक वापरातल्या पद्धतींपैकी एक मुंबईकराला सांगायला सोपी आहे. दीर्घिकांची घनता म्हणजे जमिनीची उंची, असे समजा आणि त्यावर पाणी भरू द्या. हिंदमाताला तुंबते तसे ते आधी सखल भागांत साचेल, चढत जाईल, आणि दोन डबकी जिथे एकमेकांना भिडतील तो उंचवटा म्हणजे दोन पोकळ्यांमधली भिंत. दुसऱ्या पद्धती विरळ जागेत मावेल तेवढा मोठा गोल बसवतात. दोन्हींची उत्तरे जुळतीलच असे नाही, म्हणून ‘सर्वांत मोठी पोकळी कोणती’ या प्रश्नाचे उत्तर पद्धत न सांगता दिलेले असेल, तर मी ते फारसे मनावर घेत नाही.

फसगतीच्या जागाही बऱ्याच आहेत. लांबच्या फक्त तेजस्वी दीर्घिका दिसतात, त्यामुळे दूरचा प्रदेश उगाचच ओसाड भासतो. त्यावर उपाय म्हणून निवडलेल्या संपूर्ण टापूत दिसू शकतील एवढ्या तेजस्वी दीर्घिकाच हिशोबात घेतात. प्रखर ताऱ्यांच्या झगमगाटाने झाकलेले तुकडे वेगळे नोंदवावे लागतात, नाहीतर तिथे खोट्या पोकळ्या उगवतात. सर्वांत चिवट अडचण ताम्रसृतीचीच आहे, कारण तिच्यात विश्वाच्या प्रसरणासोबत दीर्घिकेची स्वतःची गतीही मिसळलेली असते. सेकंदाला ३०० किलोमीटरच्या अशा गतीने अंतरात सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षांची चूक होते. पोकळीतले द्रव्य काठाकडे ओढले जात असल्याने तिचा आकार आपल्या दृष्टिरेषेत बदललेला दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. एकेक पोकळी वेडीवाकडी असते, पण हजारो पोकळ्या एकमेकींवर ठेवून सरासरी काढली, तर ती गोल यायला हवी, कारण विश्वाला खास अशी कोणतीच दिशा नाही. दीर्घिकांच्या स्वतःच्या गतीचा परिणाम वजा करूनही ती चपटी किंवा लांबट आली, तर ताम्रसृतीवरून अंतर काढताना प्रसरणाचा जो इतिहास गृहीत धरला होता, तोच चुकला आहे, असे समजते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्यांना पोकळ्यांच्या याद्या लागतात, त्या प्रामुख्याने यासाठी.