टोकन दिलं आणि झोप उडाली

"मॅडम, घर बुक केलंय आणि तेव्हापासून पोटात गोळा येतोय, हे नॉर्मल आहे का, की घेऊ नका असा इशारा आहे हा?" मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम देताना भीती नाही वाटली तरच मला काळजी वाटेल. पण भीती भीतीत फरक असतो आणि तो सांगायला मी एक केस सांगते, त्या दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

दोघं पस्तिशीच्या आतबाहेर, दोघंही हिंजवडीत नोकरीला, सहा वर्षांची मुलगी, सोबत त्याची आई. कोथरूडला जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायचे. पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्याला एका नव्या प्रोजेक्टमध्ये चौदाव्या मजल्यावर टूबीएचके बुक केला, किंमत ७२ लाख, एक लाख टोकन देऊन झालेलं, ॲग्रीमेंट दहा दिवसांवर. ती एकटीच आली पहिल्यांदा. रात्री अडीचला जाग येते, मग झोप नाही, ऑफिसात चुका होतायत, मुलीवर विनाकारण ओरडते. नवरा म्हणतो तू निगेटिव्ह आहेस, प्रत्येक चांगल्या गोष्टीत खोट काढतेस.

मी विचारलं, अडीच वाजता उठून करता काय? तर म्हणाली मोबाईलमध्ये लिहिते. आणि नोट्स उघडून फोन माझ्याकडे दिला.

तेवीस प्रश्न होते. नंबर टाकून. पार्किंगच्या बाजूला खांब आहे, गाडीचा दरवाजा उघडेल का. उन्हाळ्यात टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का वेगळे. शाळेच्या बसला अंडरपासमधून किती वेळ लागेल. जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, स्टँप ड्यूटी ७ टक्के म्हणजे ५ लाख ४ हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार, मग ७२ लाख ७२ लाख काय करतोय आपण, ते ८१ आहेत. लोन ५८ लाख, हप्ता पन्नास हजार, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं पण चालू, व्याज पण चालू. आईंचं भजनी मंडळ इथे आहे, तिथे दुपारी त्या कोणाशी बोलणार. आणि चौथ्या नंबरला, "रेरावर तारीख वेगळी आहे. त्याला कसं सांगू."

मी म्हटलं ही चौथ्या नंबरची काय भानगड? तर झालं असं होतं की सेल्सवाल्याने सांगितलेलं पुढच्या दिवाळीला पझेशन, आणि हिने एका रात्री महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघितलं तर तिथे पूर्ण व्हायची तारीख त्या दिवाळीच्याही दोन वर्षं पुढची. ही गोष्ट तिला बारा दिवस माहीत होती आणि तिने घरात कोणालाही सांगितली नव्हती!

म्हणजे बघा, बाई घाबरट नव्हती, उलट त्या घरात सगळ्यात जास्त अभ्यास तिचाच होता. तिला जे कळलं होतं ते बोलायला जागा नव्हती म्हणून ते रात्री अडीचला बाहेर यायचं. माझ्याकडे घराच्या भीतीने येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं तरी असंच असतं, भीती अंधाराची नसते, काहीतरी दिसलेलं असतं आणि ते गिळलेलं असतं.

दुसऱ्या वेळी तो पण आला, जरा घुश्शातच. मी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं आत्तापर्यंत ज्या ज्या घरात राहिलात ती लिहा. तिचा कागद दोन ओळीत संपला. त्याचा भरला, मागच्या बाजूला गेला, अकरा घरं. वडिलांची साधी नोकरी, दर अकरा महिन्यांनी करार संपला की टेम्पो. तो सांगत होता की प्रत्येक मालकाचा एक नियम सारखा असायचा, भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे त्यांच्याकडे कालनिर्णय कायम खिडकीच्या ग्रिलला सुतळीने बांधलेलं असायचं, वाऱ्याने रात्रभर फडफडायचं. "मला एक भिंत पाहिजे जिच्यावर मी खिळा मारला तर कोणाला विचारावं लागणार नाही," असं म्हणाला आणि मग एकदम गप्प झाला. बायको त्याच्याकडे बघत होती, दहा वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदा ऐकलं.

मग तिचं. तिच्या वडिलांनी ती कॉलेजात असताना एक फ्लॅट बुक केलेला, कुठे ते जाऊ दे. दर रविवारी स्कूटरवर मागे बसवून तिला बिल्डिंग दाखवायला न्यायचे, येताना वडापाव. दुसरा स्लॅब पडला आणि काम थांबलं. आधी जेवताना घरात रोज त्या फ्लॅटचा विषय असायचा, मग कमी झाला, मग कोणी काढला तर बाबा ताटावरून उठायला लागले. फ्लॅटबद्दल प्रश्न विचारायचा नाही, हे ती तिथे शिकली. (रेरा कायदा तेव्हा नव्हता, तो महाराष्ट्रात २०१७ पासून. आज बिल्डरने तारीख चुकवली तर व्याज किंवा पैसे परत मागायचा कायदेशीर हक्क आहे, तरी मिळायला चपला झिजतात ते वेगळं.)

तर एकाला घर म्हणजे सुटका आणि एकीला घर म्हणजे गप्प बसायचा विषय, आणि ही दोघं भांडत होती ती पार्किंगच्या खांबावरून.

मी तिला म्हटलं फोन त्यांच्याकडे द्या, त्यांना मोठ्याने वाचू दे. तो वाचायला लागला. चारवर थांबला, "हे कधी बघितलंस?", ती काही बोलली नाही, मी पण नाही. पुढे वाचत गेला. सतरावा प्रश्न होता, "बाबांना सांगायचं का." तो वाचून त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि टिश्यूचा बॉक्स तिच्याकडे सरकवला, खरं तर स्वतःलाच हवा होता.

घर घ्या की नको हे मी कधीच सांगत नाही, मी इस्टेट एजंट नाही. पण दोन कामं दिली. एक, बुकिंगनंतर बिल्डरने दिलेलं अलॉटमेंट लेटर काढून नीट वाचा, महारेराच्या नमुन्यात १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर कपात नाही असं आहे, तुमच्यात काय लिहिलंय बघा. टोकन जाईल या भीतीने माणसं ८१ लाखांची सही करतात, हे मी इतक्यांदा बघितलंय ना! दुसरं, रविवारी सकाळी सँपल फ्लॅट बघायला जाऊ नका, कामाच्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिथे जा, आणि सेल्स ऑफिसला न जाता शेजारच्या सोसायटीत, जिथे लोक राहायला आलेत, तिथे वॉचमनशी बोला.

गेले. हायवेच्या अंडरपासला पाऊण तास उभे होते. वॉचमनने सांगितलं टँकर आत्ता चार, एप्रिल-मेमध्ये आठ-दहा, कारण पिंपरी-चिंचवडला महापालिकेचं पाणी २०१९ पासून दिवसाआडच येतं आणि टॉवर तर वाढतच चाललेत. किराणावाल्याने कचरा डेपोची स्टोरी सांगितली, की तिथे बरीच वर्षं आरक्षण होतं, २०२३ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले आणि मग तो रद्द झाला. आई गाडीत होत्या त्या उतरून बागेतल्या बायकांशी बोलत बसल्या, अर्ध्या तासाने परत आल्या तर दोघींचे नंबर घेऊन. म्हणजे आईंबद्दलचा प्रश्न आईंनीच सोडवला, तो त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

तारखेबद्दल सेल्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर ते रेराला सेफ साईड म्हणून टाकतात, लेखी नाही देता येणार." नवऱ्याने मला फोनवर सांगितलं, मॅडम पहिल्यांदा मी तिच्यावर न चिडता योग्य माणसावर चिडलो. अलॉटमेंट लेटर मिळाल्यापासून तेराव्या दिवशी रद्द केल्याचा मेल टाकला. पैसे यायला दीड महिना लागला पण आले.

आता यावरून नवीन प्रोजेक्टमध्ये घ्यायचंच नाही असा अर्थ काढू नका प्लीज. त्याच महिन्यात माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका जोडप्याने तसाच चालू बांधकामातला घेतला, तारीख माहीत असून घेतला, भाड्याचा हिशोब दोन वर्षं जास्तीचा धरून घेतला, आणि मजेत आहेत. आणि हो, झोप दोन-तीन आठवडे सलग जात असेल, छातीत धडधड, जेवण जात नाही असं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, फ्लॅट नंतर.

यांनी चार महिन्यांनी तिथेच, पुनावळ्यातच, आईंच्या बागेच्या पलीकडे रिसेल घेतला, ओसी म्हणजे राहायला परवानगीचा महापालिकेचा दाखला मिळालेला, दोन वर्षांची बिल्डिंग, त्यामुळे जीएसटी नाही. तिसरा मजला, समोर दुसरी विंग, व्ह्यू शून्य. तिच्या एकटीच्या नावावर घेतला असता तर स्टँप ड्यूटीत १ टक्का वाचत होता, त्यावरून घरात आठवडाभर वेगळं महाभारत झालं आणि शेवटी दोघांच्या नावावर घेतला, म्हणजे पैसे नाही वाचले. बाबांना तिने फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "ओसी स्वतः बघितलीस का?" ती म्हणाली हो बाबा, झेरॉक्स पण आहे. म्हणाले, व्हॉट्सॲप कर.

गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला मला. खिळा मारायला घेतला तर वाकला, दुसरा घेतला, तो पण वाकला. हल्लीच्या बऱ्याच टॉवरच्या भिंती विटांच्या नसतात, अख्ख्या काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, साध्या हातोडीने काही होत नाही, ड्रिलवाल्याला बोलवावं लागतं आणि तो शनिवारी येणार होता. खाली फोटो होता, कालनिर्णय खिडकीच्या ग्रिलला, सुतळीने बांधलेलं.