रेझ्युमे पाठवते, पण बोलावणं येत नाही

प्रश्न : तीन वर्षं बॅकएंडचं, म्हणजे वेबसाइट-अ‍ॅपच्या पडद्यामागच्या प्रोग्रामिंगचं, काम करते आहे. बरेच अर्ज केले, पण मुलाखतीला बोलावत नाहीत. रेझ्युमे रंगीत, दोन रकान्यांचा आहे. कौशल्यांपुढे टक्केवारीच्या पट्ट्या आहेत. काय बदलू?

उत्तर : आधी त्या पट्ट्या काढा. ‘जावा ८०%’ म्हणजे कशाच्या ८०%, हे कुणालाच कळत नाही. रकानाही एकच ठेवा. छाननीचं सॉफ्टवेअर पीडीएफमधला मजकूर उचलताना कधीकधी दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतं. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, क्रम विस्कटतो का ते लगेच दिसेल.

खरी मेहनत मात्र अनुभवाच्या ओळींवर घ्या. ‘एपीआयवर (दोन प्रोग्रामना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्यावर) काम केलं’ ही ओळ वाया गेली. ‘ऑर्डर शोधण्याच्या क्वेरीसाठी इंडेक्स (डेटाबेसमधली शोधसूची) जोडला, प्रतिसादाचा वेळ ९०० मिलिसेकंदांवरून १२० वर आला’ असं लिहिलंत, की काय केलं, कसं केलं आणि फरक काय पडला, तिन्ही कळतं. आकडा मोजलेला नसेल तर कृपया रचू नका, ‘कसं मोजलंत?’ एवढ्या एका प्रश्नात तो उघडा पडतो. त्याऐवजी कामातला तुमचा नेमका वाटा लिहा.

तीन वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरे. गिटहबची (कोड ठेवण्याच्या साइटवरच्या तुमच्या पानाची) लिंक देणार असाल, तर नीट रीडमी (प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल) असलेले दोनच प्रोजेक्ट तिथे वर पिन करा.