वाचकांचे प्रश्न : हिमाचलात पायी, हवेत आणि पाण्याकाठी

प्रश्न : आम्ही साताऱ्यातील चार मित्र पन्नाशीच्या आसपासचे आहोत. रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो, वासोटा दोनदा केला आहे आणि हिल हाफ मॅरेथॉनही पळतो. जूनमध्ये आठ दिवसांची रजा काढून मनालीजवळच्या हामटा खिंडीचा ट्रेक करावा असा विचार आहे. आमची तयारी पुरेशी आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पायांची तयारी पुरेशी आहे, रजा मात्र अपुरी आहे. साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला पोचायला तीस तासांच्या आसपास लागतात आणि तिथून मनालीची बस रात्रभर चालते. हाच हिशेब परतीला धरला, तर आठांतले पाच दिवस प्रवासातच जातात. खिंडीचा ट्रेक मात्र स्वतःच चार ते पाच दिवसांचा आहे. तेव्हा रजा बारा दिवसांची करावी, किंवा पुण्याहून दिल्लीपर्यंत विमानाने जाऊन दिवस वाचवावेत.

वाचलेले दिवस कुठे घालायचे, हा खरा मुद्दा आहे. अजिंक्यतारा शहरापासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. मनाली गावच सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि हामटा खिंड सुमारे ४,२७० मीटरवर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला दिवस लागतात. रोजच्या व्यायामाने हे दिवस कमी होत नाहीत, आणि धडधाकट माणसेच येथे अधिक फसतात, कारण पाय थकत नाहीत म्हणून ती भराभर वर जातात. मनालीत दोन रात्री मुक्काम करावा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. डोके दुखणे, मळमळ आणि भूक मंदावणे ही पहिली लक्षणे दिसताच सोबत्यांना सांगावे आणि त्या दिवशी आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर रात्र असली तरी खाली उतरावे. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स गोळी काही जण घेतात, परंतु ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये, विशेषतः रक्तदाबाचे औषध चालू असल्यास.

आपल्याकडची आणखी एक सवय तिथे अंगाशी येते. सह्याद्रीतला ओढा पावसाने फुगतो आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतो. हिमालयातले ओढे बर्फ वितळून वाहत असल्याने कडक उन्हाच्या निरभ्र दिवशीही दुपारनंतर चढतात. म्हणून खिंडीपलीकडच्या शिया गोरूच्या तळाजवळचा प्रवाह सकाळी लवकर ओलांडतात, पाणी कितीही गारठलेले असले तरी. वाटाड्याने पहाटे उठवले तर कुरकुर करू नये.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात खिंडीत भरपूर बर्फ असू शकतो, म्हणून महिन्याचा उत्तरार्ध बरा. सप्टेंबर त्याहून बरा, असे माझे मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला दरडींचे भय असते. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने कुलू-मनाली रस्ता अनेक ठिकाणी वाहून नेला होता. पावसाळा म्हणजे भटकंतीचा हंगाम, हे आपले समीकरण तिथे विसरावे लागते.

या ट्रेकची गंमत मात्र सातारकराला चटकन कळेल. कुलूकडून देवदार, भूर्ज आणि हिरव्या कुरणांतून चढायचे आणि खिंड ओलांडताच लाहौलच्या उघड्याबोडक्या, मातकट डोंगरांत उतरायचे. महाबळेश्वरहून निघून दहिवडीला पोचल्यासारखेच हे आहे, आणि कारणही तेच : पीर पंजाल रांग पावसाचे ढग अडवते आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते. फरक इतकाच, की तो पालट इथे एका दिवसाच्या चालीत दिसतो.

प्रश्न : मुलीला दिवाळीच्या सुट्टीत पॅराग्लायडिंग करायचे आहे. पाचगणीत एकदा केले आहे. हिमाचलात कुठे जावे, आणि भीती कितपत? (एक पालक, विटा)

उत्तर : कांगडा जिल्ह्यातील बीर-बिलिंगला जावे. सुमारे २,४०० मीटरवरच्या बिलिंगहून उडायचे आणि बीरच्या शेतांजवळ उतरायचे, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरची उंची पायाखाली असते. २०१५ मध्ये येथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ राहते, त्यामुळे दिवाळीची वेळ योग्यच आहे. १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात राज्यात अशा उड्डाणांना बंदी असते.

धोका शून्य नाही, अपघात झालेले आहेत. वैमानिकाचा परवाना स्वतः पाहावा, हेल्मेट आणि राखीव पॅराशूट आहे याची खात्री करावी आणि विमा विचारावा. उडताना पाच-सात पावले जोरात धावावे लागते. पाय जमिनीवरून सुटण्याआधीच खाली बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक, ती टाळायला मुलीला सांगावे. वारा बरोबर नाही म्हणून वैमानिकाने नकार दिला, तर वाद घालू नये. त्यासाठी बीरला एकाऐवजी दोन दिवस ठेवावेत.

प्रश्न : मी सांगलीत कृष्णेवर गळ टाकून बसणारा माणूस आहे. हिमाचलात ट्राउट धरता येतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येतो. कुलू जिल्ह्यातली तीर्थन नदी त्यासाठी प्रसिद्ध आहे. मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो आणि किती मासे, किती आकाराचे धरायचे यावर मर्यादा आहे. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत विणीच्या हंगामामुळे ट्राउटची मासेमारी बंद असते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गळ घेऊन जायचे असेल तर आधी पंचांग पाहावे.