ॲन फ्रँकच्या डायरीत इतक्या विसंगती असताना ती अस्सल कशी मानायची?

ॲन ही दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून वाचण्यासाठी ॲमस्टरडॅममध्ये एका गोदामाच्या वर, कामगारांच्या नकळत, कुटुंबासह लपून राहिलेली ज्यू मुलगी. तिच्या डायरीबद्दल तुमच्या तीन शंका आहेत: लपून बसलेली माणसं व्हॅक्यूम क्लीनर कसा लावतील, एकाच दिवसाची नोंद दोन ठिकाणी वेगळी कशी, आणि युद्धकाळातल्या कागदांवर, युद्धानंतर रुळलेलं बॉलपेन कुठून आलं? मलाही एकेकाळी याच शंका होत्या.

व्हॅक्यूम क्लीनरची नोंद ५ ऑगस्ट १९४३ची आहे. ती पूर्ण वाचा. दुपारचे साडेबारा वाजलेत, गोदामातले कामगार जेवायला घरी गेलेत, सगळे सुस्कारा सोडतात आणि मग वरून तो आवाज येतो. आक्षेप घेणारे नेमकं कामगार गेल्याचं वाक्य गाळतात. याचा मला मनापासून राग येतो.

दोन नोंदींचं कारण तर ॲननेच दिलंय. २८ मार्च १९४४ला लंडनहून डच मंत्री बोल्केस्टाइन रेडिओवर म्हणाले, की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं जमवली जातील. ते ऐकून तिने मे महिन्यापासून सुट्या कागदांवर सगळं नव्याने लिहायला घेतलं. काही गाळलं, काही वाढवलं. मूळ वहीत ती अनेक काल्पनिक मैत्रिणींना पत्रं लिहायची, नव्या मसुद्यात फक्त किटी उरली. पुढे वडिलांनी, ऑटो फ्रँक यांनी, दोन्हींतून निवडून १९४७ची छापील प्रत तयार केली. त्यामुळे विसंगती दिसली की मी आधी बघते, हे वाक्य कुठल्या मसुद्यातलं आहे.

बॉलपेनचं म्हणाल, तर सुट्या कागदांत बॉलपेनने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या सापडल्या. अक्षर ॲनचं नाही, मजकूर डायरीत कुठेही नाही. १९६०च्या सुमारास हस्ताक्षर तपासणाऱ्या एका बाईंच्या त्या निघाल्या. पुढे डच न्यायवैद्यक प्रयोगशाळेने कागद, शाई आणि अक्षर तपासून डायरी ॲनचीच असल्याचं ठरवलं. ते निष्कर्ष १९८६च्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे सगळे मसुदे शेजारी शेजारी छापलेल्या अभ्यास-आवृत्तीत आहेत. १९८३च्या हिटलरच्या तथाकथित डायऱ्या मात्र कागदावरच पकडल्या गेल्या, कारण त्यात युद्धानंतर वापरात आलेलं, कागद पांढरा करणारं रसायन होतं.

विचारण्यासारखी एक गोष्ट तुमच्या यादीत नाही. डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या वर्षाची मूळ वही मिळालेलीच नाही. त्या काळाचं आपण जे वाचतो, ते बहुतेक १९४४मध्ये तिने नव्याने लिहिलेलं आहे. तेव्हा १९४३मध्ये तिला नेमकं काय वाटत होतं असं कुणी ठामपणे सांगितलं, तर तिथे जरूर अडवा.