कबड्डीत हरल्यावर १४ वर्षांचा मुलगा दोन दिवस बोलत नाही, जेवत नाही. काय करावं? (दर्यापूर तालुका)

हरल्या दिवशी सामन्याचा विषयच काढू नका. जेवण आणि झोप सांभाळा, चुकांचं दुसऱ्या दिवशी सरावाआधी बोला. मी शाळेत कबड्डी शिकवतो. राग अंगात असताना पोट्ट्याच्या डोक्यात काही शिरत नाही. चढाईआधी छाती धडधडत असेल तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगा, ठोके खरंच मंदावतात. अन् पारावर बसून "पोरीसारखा रडते" म्हणणारे सामन्याला नसलेलेच बरे. मात्र दोन आठवडे झोप-भूक उडालेलीच राहिली, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. जगण्यावरून मन उठल्यासारखं बोलला, तर लगेच टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.